वायफाय फुल, नेट गुल: मेमरी संपणाऱ्या राऊटरचा तपास कसा करावा

राऊटरचे दिवे हिरवे, मोबाईलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि तरी एक पान उघडत नाही. बटण बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच रडगाणं. हे तुमच्याकडं होत असेल तर लाईनवाल्याला फोन लावायच्या आधी थोडा तपास घरीच करा. लाईन खराब असती तर राऊटर बंद-चालू केल्यानं दरवेळी इतकं हुकमी बरं वाटलं नसतं.

मी लातूरला राहते, पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. घराच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात. प्रत्येकीकडं मोबाईल, बऱ्याचजणींकडं टॅब, काहींकडं लॅपटॉप. टेस्ट सिरीज ऑनलाईन, शंका विचारायच्या त्याही व्हिडिओ कॉलवर. बनवणाऱ्यानं चार माणसांचं घर डोळ्यांपुढं ठेवून केलेल्या राऊटरवर आमच्या ट्यूशन एरियात अख्खं हॉस्टेल चालतं. "काकू, नेट बंद पडूलालंय!" अशी जिन्यातून हाक आली की मी वर जात नाही, खालूनच विचारते: वायफायचं नाव दिसतंय का? व्हॉट्सॲप चालतंय का? कुणाचा कॉल चालू असेल तर तो तुटला का? या तीन उत्तरांत अर्धा तपास होतो. कसा ते पुढं सांगते.

आधी बाकीचे संशयित

पहिला संशयित लाईट. लाईट गेली, इन्व्हर्टरवर पलटी झाली, तेवढ्या क्षणात राऊटर बसतो आणि पुन्हा उठतो. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ झाला तो. नेट अडकलं की आधी तो पाहा. तुम्ही हात न लावता तो पाच-दहा मिनिटांवर आलेला असेल तर राऊटर स्वतःहून बंद पडून चालू झालाय. अशा वेळी आधी अडॅप्टर, पिन आणि छोटा यूपीएस तपासा. जुना अडॅप्टर १२ व्होल्ट लिहिलेलं असूनही भार आला की तेवढे देत नाही. अपटाइम दोन-तीन दिवसांचा आहे आणि तरी नेट नाही, तर संशय मेमरीवर येतो. अर्थात मेमरी पार संपल्यावर काही राऊटर स्वतःच रीस्टार्ट होतात, म्हणून एकट्या अपटाइमवर निकाल देऊ नका.

दुसरा संशयित ऊन, आणि तो आपल्याकडं खराच असतो. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत टीव्हीच्या मागं ठेवलेल्या राऊटरची तर दैनाच. ओळखायची खूण सोपी आहे. उन्हाचा त्रास दुपारी होतो आणि पहाटे जातो. मेमरीचा त्रास घड्याळ पाहत नाही. तो शेवटच्या रीस्टार्टपासून किती वेळ गेला आणि किती जण जोडलेत, यावर चालतो.

तिसरा संशयित खुद्द लाईन. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो, राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. पान झटक्यात उघडलं आणि त्यावर इंटरनेट 'डिस्कनेक्टेड' दिसलं, किंवा फायबरच्या डब्यावर लाल दिवा असला, तर खुशाल तक्रार करा. पण हेच पान उघडायला मिनिट लावत असेल, अर्धंच येत असेल किंवा येतच नसेल, तर आजार तुमच्या घरातल्या डब्यात आहे.

भरतं ते नेमकं काय

राऊटरमध्ये दोन प्रकारची जागा असते. फ्लॅशमध्ये त्याचं सॉफ्टवेअर आणि तुमची सेटिंग राहतात, लाईट गेली तरी. रॅममध्ये चालू काम राहतं, लाईट गेली की पुसतं. आपण ज्याला रडतो ती रॅम. स्वस्तातल्या राऊटरमध्ये ती ३२ किंवा ६४ एमबी असते, एमबी बरं का, जीबी नाही. खिशातल्या मोबाईलमध्ये त्याच्या शंभरपट असते. त्यातच ऑपरेटिंग सिस्टिम, वायफायचा ड्रायव्हर, सेटिंगचं पान दाखवणारा छोटा सर्व्हर, प्रत्येक मोबाईलला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणारा प्रोग्रॅम, सगळ्यांनी भागवायचं.

बहुतेक घरगुती राऊटर आतून लिनक्सवर चालतात. रॅम पार संपली की लिनक्स एखादा चालू प्रोग्रॅम मारून जागा करतं. कुणाचा नंबर लागतो त्यावर लक्षणं ठरतात, आणि मी जिन्यातून प्रश्न विचारते ते त्यासाठीच. वायफाय सांभाळणारा प्रोग्रॅम गेला तर नावच दिसेनासं होतं, किंवा नवीन मोबाईल जोडला जात नाही. नावाचा पत्ता शोधून देणारा, म्हणजे डीएनएसचा प्रोग्रॅम गेला तर वायफाय जोडलेलं राहतं, ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग, म्हणजे हाक, जाऊन उत्तर येतं, पण कोणतीही वेबसाइट नावानं उघडत नाही. सेटिंगच्या पानाचा सर्व्हर गेला तर नेट चालू राहतं आणि फक्त ते पान मरतं. हा शेवटचा प्रकार पुष्कळांच्या घरी झालेला असतो आणि कुणाला पत्ताही नसतो, कारण ते पान उघडतो कोण?

आणखी एक प्रकार: चालू कॉल तुटत नाही, व्हॉट्सॲपचे मेसेज येत राहतात, पण नवीन काहीच उघडत नाही. आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा हाच निघाला. तिथं रॅम संपलेली असेलच असं नाही, राऊटरची जोडण्यांची वही भरलेली असते.

जोडण्यांची वही

घरातले सगळे जण बाहेर एकाच आयपीवर जातात. बाहेरून आलेलं उत्तर कुणाच्या मोबाईलला द्यायचं हे लक्षात ठेवायला राऊटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. एक साधं बातम्यांचं पान उघडलं तरी जाहिराती, फोटो, व्हिडिओ मिळून डझनावारी नोंदी होतात. ही वही मेसच्या रजिस्टरसारखी चालते: गाव सोडून गेलेल्या पोरांची नावं कुणी खोडली नाहीत, तर ताटं शिल्लक असूनही नव्याला 'जागा नाही' म्हणून परत पाठवतात.

नाव कधी खोडायचं याची मुदत ठरलेली असते, आणि गंमत त्या मुदतीतच आहे. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये चालू टीसीपी जोडणी काही हालचाल नसली तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस, वहीत राहते. लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटवलं की जोडण्या रीतसर बंद होत नाहीत, नोंदी तशाच पडून राहतात. ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर हीच मुदत ७,४४० सेकंदांवर, म्हणजे २ तास ४ मिनिटांवर आणतं. एका नोंदीला साधारण ३०० बाइट लागतात. १६,३८४ नोंदींची वही पूर्ण भरली तर पाचेक एमबी. ६४ एमबीच्या राऊटरला एवढे कसेबसे झेपतात, ३२ एमबीच्याला नाही.

ही वही सगळ्यात वेगानं भरतं ते टोरंट, म्हणजे पुष्कळ लोकांच्या मशिनींवरून तुकड्यातुकड्यानं फाइल उतरवायची पद्धत. एक टोरंट शेकडो अनोळखी मशिनींशी एकाच वेळी बोलतं. वरच्या मजल्यावरच्या एका लॅपटॉपवर लेक्चरचे व्हिडिओ उतरवायला लावलेलं टोरंट उतरून झाल्यावरही मागं चालूच होतं, आणि वहीतल्या बहुतेक नोंदी त्या एका आयपीच्या निघाल्या. पोरीला ते चालू आहे हेच माहीत नव्हतं. टोरंट प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा असते, ती शंभराच्या आत आणली तरी उतरवायचा वेग फारसा कमी होत नाही.

मोजायचं कसं

मोजल्याशिवाय कोणतंही सेटिंग बदलू नका. चार ठिकाणी हात घातला आणि बरं झालं, तर कशानं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात.

फायबरवाल्याकडून मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत 'डिव्हाइस इन्फर्मेशन' किंवा 'स्टेटस' या पानावर सीपीयू आणि मेमरीचा टक्का दिसतो. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर त्याच्या पहिल्याच 'ओव्हरव्ह्यू' पानावर मेमरीच्या पट्ट्या असतात आणि खाली 'ॲक्टिव्ह कनेक्शन्स' असा आकडा असतो, इतक्यापैकी इतके. 'रिअलटाइम ग्राफ्स'मध्ये कनेक्शन्सच्या पानावर कोणत्या आयपीच्या किती जोडण्या आहेत तेही दिसतं. चोर तिथंच सापडतो.

वाचताना एक सांभाळा. 'युज्ड' जास्त दिसलं म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी रॅम पडू देत नाही, तिथं फायलींची कॅश ठेवतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. पाहायचा आकडा 'अव्हेलेबल'. 'फ्री' दोन एमबी आणि 'अव्हेलेबल' वीस एमबी असेल तर राऊटर मजेत आहे.

मग रीस्टार्ट करा, दहा मिनिटांनी हा 'अव्हेलेबल'चा आकडा कागदावर लिहा. रात्री नऊला, सगळ्या जोडलेल्या असताना, पुन्हा लिहा. आणि पहाटे, सगळ्या झोपल्यावर, पुन्हा. आमच्याकडं पोरी दोन-दोनपर्यंत वाचत बसतात, त्यामुळं पहाटे म्हणजे चारनंतर. असं काही दिवस करा. या पहाटेच्या आकड्याला मी सगळ्यात जास्त किंमत देते. रात्री मोकळी मेमरी खाली गेली आणि पहाटे परत वर आली, तर राऊटर चांगला आहे पण भार जास्त आहे. पहाटेचा आकडा रोज आदल्या पहाटेपेक्षा कमीच होत गेला, वापर कितीही असो, तर एखादा प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत देत नाही. याला लीक म्हणतात, आणि याचा इलाज भार कमी करण्यात नाही, सॉफ्टवेअर बदलण्यात आहे.

सिस्टिम लॉग पाहायचा तर रीस्टार्टच्या आधी पाहा. बहुतेक राऊटर लॉग रॅममध्येच ठेवतात, बटण दाबलं की पुरावा गेला. 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ आणि पुढं मारलेल्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं तर रॅम संपली होती. 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' दिसलं तर वही भरली होती. राऊटर अडकल्यावर पानच उघडत नसेल, तर लॉग घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवायची सोय सेटिंगमध्ये शोधा, 'रिमोट लॉग' किंवा 'सिसलॉग सर्व्हर' या नावानं. पोर्ट ५१४ असतो.

घरात दोन डबे असतील, फायबरवाल्याचा एक आणि तुम्ही विकत आणलेला एक, तर दोन्हींचे आकडे घ्या. पुष्कळ घरांत दोन्ही डबे आपापली वही ठेवत असतात, म्हणजे एकाच कामाची दोनदा नोंद. भरतो कोणता ते आधी कळलं पाहिजे.

इलाज, मी ज्या क्रमानं करते तसे

लीक दिसली तर आधी फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर. राऊटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव आणि आवृत्ती दोन्ही जुळवून पाहा. स्टिकरवर 'व्हर' लिहिलेलं असतं. चुकीच्या आवृत्तीचं फर्मवेअर भरलं तर राऊटर विटेसारखा निपचित पडू शकतो. आधी सेटिंगचा बॅकअप, मग अपडेट, आणि ते वायरनं, वायफायवरून नाही, लाईट जायची वेळ टाळून. फायबरवाल्याच्या डब्याचं फर्मवेअर आपल्याला बदलता येत नाही, ते लोक लांबून बदलतात. त्यांना तसं मागावं लागतं.

मग नको असलेलं बंद करा. यूएसबीवरची फाइल शेअरिंग, मीडिया सर्व्हर, ट्रॅफिक स्टॅटिस्टिक्स, कोणी कोणती साइट पाहिली त्याची नोंद, आतला व्हीपीएन सर्व्हर, पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, कुणी वापरत नसलेलं. आईबापांना नोंदीचं सेटिंग आवडतं, मला मुलींचे पालक फोन करून विचारतात. ज्या राऊटरला रोजचं नेट झेपत नाही त्याच्यावर पहारेदारीचं काम घालू नये, आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरींवरही, हे मी त्यांना सांगते.

जाहिराती अडवणारी यादी राऊटरवर बसवलेली असेल तर तीही पाहा. लाखभर नावांची यादी रॅममध्ये धरायची म्हणजे दहा एमबीच्या आसपास गेलेच, आणि यादी नवी होताना काही वेळ त्याहून जास्त. छोटी यादी घ्या. ओपनडब्ल्यूआरटीवर तात्पुरत्या फायलींचं 'टीएमपी' फोल्डरही रॅममध्येच असतं आणि ते निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतं, म्हणून तिथं लॉग किंवा उतरवलेल्या फायली साठू देऊ नका.

वही भरत असेल तर मुदत कमी करा आणि टोरंटला लगाम घाला. वहीची कमाल मर्यादा वाढवायचा सल्ला सगळीकडं मिळतो. रॅम मोकळी असेल तरच तो ऐका, नाहीतर 'टेबल फुल' जाऊन 'आउट ऑफ मेमरी' येईल, एवढंच. ओपनडब्ल्यूआरटीवर झेडरॅम स्वॅप नावाचं पॅकेज मिळतं, ते रॅमचाच एक भाग दाबून बसवतं आणि थोडी जागा काढतं. सीपीयूवर भार पडतो, पण ६४ एमबीच्या राऊटरला त्यानं श्वास मिळतो. काही क्वालकॉम चिपच्या राऊटरवर वायफायचा ड्रायव्हरच जास्त रॅम खातो. त्याच्यासाठी 'स्मॉलबफर्स' नावाची कमी खाणारी आवृत्ती आहे.

दोन डबे असतील तर ज्याची रॅम कमी त्याला ॲक्सेस पॉइंट करा. काही राऊटरमध्ये तसा मोडच असतो. नसेल तर त्याचा आयपी बदलून डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद करा आणि फायबरच्या डब्याची वायर त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये घाला. मग तो फक्त वायफाय देतो, वही ठेवत नाही. या एका बदलानं बरेच जुने राऊटर पुन्हा कामाला येतात.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर असलेल्या घरात किंवा दुकानात एक जास्तीची तपासणी करा. इथल्या गंजगोलाई बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात माणसं दोन, मोबाईल दोन, आणि तरी जोडण्या हजारांत. डीव्हीआरचा पासवर्ड आला तसाच होता आणि राऊटरचं यूपीएनपी (घरातल्या यंत्राला बाहेरचं दार आपोआप उघडून देणारी सोय) चालू, म्हणजे डीव्हीआर बाहेरच्या जगाला उघडा. २०१६ साली गाजलेला मिराय हा व्हायरस असल्याच कॅमेऱ्यांत आणि राऊटरांत कारखान्याचे पासवर्ड वापरून शिरला होता. तो रॅममध्येच राहतो, त्यामुळं रीस्टार्टनं जातो, आणि पासवर्ड तोच असेल तर पुन्हा येतो. आधी वायर काढा, मग रीस्टार्ट, मग पासवर्ड, मग यूपीएनपी आणि बाहेरून सेटिंग उघडायची सोय बंद, मग वायर. क्रम महत्त्वाचा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर अशा व्हायरसांची माहिती आणि मोफत साधनं मिळतात.

हे सगळं करूनही भागत नसेल तर रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट लावा. काही जाणकार नाक मुरडतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण आकडे लिहून झाल्यावरच लावा, नाहीतर लीक आहे की भार हे कधीच कळणार नाही. राऊटरला घड्याळाची बॅटरी नसते. चालू झाल्यावर तो बंद पडतानाची वेळ धरून बसला, तर चारला रीस्टार्ट, पुन्हा चार वाजलेले, पुन्हा रीस्टार्ट अशा फेऱ्यात अडकू शकतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या मार्गदर्शनात यासाठी आधी सत्तर सेकंद थांबून, एका फायलीची तारीख ताजी करून, मग रीस्टार्ट करायला सांगितलंय. तसंच करा.

नवा घ्यायचाच झाला तर

शिंगं मोजू नका. चार अँटेना आणि सहा अँटेना याचा रॅमशी काही संबंध नाही. खोक्यावर रॅम लिहीत नाहीत, ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या हार्डवेअरच्या तक्त्यात मॉडेल शोधा. तुम्हाला ते सॉफ्टवेअर घालायचं नसलं तरी तिथं फ्लॅश आणि रॅम दोन्ही मिळतात. आवृत्तीही बघा: टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर ८४१ एन या एकाच नावाच्या राऊटरमध्ये १३ व्या आवृत्तीत ६४ एमबी रॅम होती आणि १४ व्या आवृत्तीत पुन्हा ३२. नाव तेच, खोकं जवळपास तेच. ओपनडब्ल्यूआरटीनं २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम मागायला सुरुवात केली, तेव्हा ३२ एमबीचा जुना राऊटर कुणी फुकट दिला तरी ॲक्सेस पॉइंटपुरताच ठेवा. चार माणसांच्या घराला १२८ एमबी पुरते. माझ्यासारखं वीस-पंचवीस मोबाईल-लॅपटॉपांचं घर असेल तर २५६ च्या खाली जाऊ नका.

आणि फायबरवाल्याचा डबाच भरतोय असं तुमच्या आकड्यांनी दाखवलं, तर तक्रार करताना 'नेट चालत नाही' एवढंच म्हणू नका. तिकडून 'बंद करून चालू करा' हेच येईल, आणि तेवढं केलं की तक्रार बंद होईल. रीस्टार्टनंतरची मेमरी, दोन दिवसांनंतरची मेमरी, अपटाइम आणि मॉडेल सांगा, त्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि फर्मवेअर किंवा डबा बदलून मागा. आमच्याकडं मे महिन्यात परीक्षा झाली की पोरी गावाकडं जातात आणि जूनमध्ये नवी बॅच येते. अदलाबदलीची कामं मी त्या मधल्या दिवसांत उरकते, कारण टेस्ट सिरीजच्या रात्री राऊटर उघडून बसलं तर पोरी जिन्यातून खाली येऊन उभ्या राहतात.